उष्णतेचा गोंगाट आणि ट्रॉम्बेची मोजणी यंत्रे

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ठाणे खाडीच्या काठी, ट्रॉम्बे अर्थात तुर्भ्याची टेकडी उभी आहे. या टेकडीच्या पायथ्याशी ३ जानेवारी १९५४ रोजी अणुशक्ती प्रतिष्ठानाची स्थापना झाली. डॉ. होमी भाभा यांच्या निधनानंतर, १९६७ साली, या प्रतिष्ठानाला ‘भाभा अणुसंशोधन केंद्र’ असे नाव देण्यात आले. ‘अप्सरा’, ‘सायरस’, ‘ध्रुव’ या अणुभट्ट्यांमुळे ट्रॉम्बेचे नाव सर्वतोमुखी झाले आहे. परंतु अशा अणुभट्ट्या ज्यांच्या भरवशावर चालविल्या जातात, त्या मोजणी यंत्रांविषयी सर्वसामान्य वाचकाला फारशी माहिती नसते.

अणुभट्टीच्या गाभ्यात काय चालले आहे, हे माणसाच्या डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. ते समजून घेण्याचे काम इलेक्ट्रॉनिक उपकरणे करतात. या उपकरणांकडे येणारा विद्युत् संकेत अनेकदा अत्यंत क्षीण असतो. तो मोठा करून दाखविण्यासाठी विवर्धक वापरतात. मग एक स्वाभाविक प्रश्न निर्माण होतो. एका विवर्धकाने भागले नाही तर दोन लावावेत, दोनांनी भागले नाही तर चार लावावेत; अशा रीतीने कितीही क्षीण संकेत मोजता येणार नाही काय? याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मोजमापाच्या सूक्ष्मतेला निसर्गाने एक मर्यादा घातली आहे आणि ती मर्यादा उष्णतेमुळे पडते. इलेक्ट्रॉनिकीच्या भाषेत तिला ‘औष्णिक गोंगाट’ असे म्हणतात.

रेडिओची खरखर

गोंगाट म्हणजे काय, हे समजण्यासाठी रेडिओचे उदाहरण सर्वांत सोयीचे आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेती, आरोग्य व पंचायत यांविषयीचे कार्यक्रम ऐकावेत आणि त्यांवर चर्चा करावी, अशी ती योजना होती. त्या काळी रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येकाला एक अनुभव परिचयाचा होता. केंद्र नीट जुळले नाही, किंवा केंद्र फार दूर असले, की आवाजाबरोबर खरखर ऐकू येई. आवाज वाढविण्याची कळ फिरविली तर वक्त्याचा आवाज मोठा होई आणि खरखरही तेवढ्याच प्रमाणात मोठी होई. बोलणे अधिक स्पष्ट होत नसे.

या अनुभवातच आपल्या विषयाचे सार आहे. विवर्धक संकेत व गोंगाट यांत भेद करीत नाही. त्याच्याकडे जे येईल ते सर्व तो मोठे करून देतो. म्हणून संकेत किती मोठा आहे, हा खरा प्रश्न नसतो. तो गोंगाटाच्या किती पट आहे, हा असतो. या पटीला ‘संकेत-गोंगाट गुणोत्तर’ म्हणतात. दळणवळण, वैद्यक, खगोलशास्त्र, अणुविज्ञान या सर्व क्षेत्रांतील उपकरणांची गुणवत्ता अखेर या एका गुणोत्तरावर येऊन ठेपते.

आगंतुक गोंगाट व अंगभूत गोंगाट

गोंगाटाचे ढोबळमानाने दोन वर्ग करता येतात. पहिला आगंतुक गोंगाट. आकाशात चमकणाऱ्या विजा, वीजवाहिन्यांवर उडणाऱ्या ठिणग्या, पंपांच्या मोटारी, स्वयंचलित वाहनांचे प्रज्वलन, दर सेकंदास ५० आवर्तने करणाऱ्या वीजपुरवठ्याची घरघर हे सर्व त्यात येते. मध्यम लहरींच्या रेडिओवर ऐकू येणारी खरखर बहुतांशी या जातीची असते. हा गोंगाट बाहेरून येतो, म्हणून त्याला दाराबाहेर थोपविता येते. उपकरणाभोवती धातूचे कवच घालणे, तारा आवरणयुक्त वापरणे, जमिनीशी योग्य जोडणी करणे हे त्यावरील उपाय होत. ट्रॉम्बेच्या परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने, खतांचा कारखाना आणि औष्णिक वीज केंद्र आहे. अशा औद्योगिक परिसरात सूक्ष्म मोजमाप करावयाचे तर ही दक्षता घेणे क्रमप्राप्तच ठरते.

दुसरा वर्ग अंगभूत गोंगाटाचा. उपकरणाला जाड धातूच्या पेटीत बंद केले, वीजपुरवठा तोडून बॅटरी जोडली, आजूबाजूची सर्व यंत्रे थांबविली, तरीही विवर्धकाच्या टोकाशी एक अखंड सळसळ शिल्लक राहते. ती उपकरणाच्या सुट्या भागांतूनच उगम पावते. या अंगभूत गोंगाटाचा सर्वांत मूलभूत प्रकार म्हणजे औष्णिक गोंगाट होय. अत्युच्च कंप्रतेच्या, म्हणजे दर सेकंदास कोट्यवधी आवर्तने करणाऱ्या लहरी घेणाऱ्या ग्राहकांत त्याचे महत्त्व विशेष असते. जुन्या पद्धतीच्या दूरचित्रवाणी संचावर कार्यक्रम नसताना पडद्यावर जे पांढरे ठिपके भुरभुरत, त्यांत अशा अंगभूत गोंगाटाचा मोठा वाटा असे.

शोधाचा इतिहास

या शोधाची पाळेमुळे एकोणिसाव्या शतकात जातात. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली, पाण्यात तरंगणारे परागांतील सूक्ष्म कण सतत इतस्ततः हालताना दिसले. ही हालचाल पाण्याच्या रेणूंच्या धडकांमुळे होते, हे १९०५ साली आइन्स्टाइन यांनी गणिताने स्पष्ट केले. रेणू कधीच स्वस्थ नसतात आणि तापमान जितके अधिक तितकी त्यांची धावपळ अधिक, हे तत्त्व त्यामुळे दृढ झाले.

विजेच्या क्षेत्रात हेच तत्त्व प्रत्यक्ष मोजून दाखविण्याचे श्रेय जॉन जॉन्सन यांना जाते. अमेरिकेतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेत विवर्धकांच्या गोंगाटाचा अभ्यास करीत असताना त्यांनी निरनिराळ्या पदार्थांचे रोधक तपासले. विद्युत् प्रवाहाला अडथळा करणारा मंडलातील घटक म्हणजे रोधक. कार्बन, धातू, इतकेच नव्हे तर क्षारांची द्रावणेही त्यांनी वापरून पाहिली. रोधकातून कोणताही प्रवाह सोडलेला नसतानादेखील त्याच्या दोन टोकांमध्ये अतिसूक्ष्म विद्युत् दाब सतत वर-खाली होत असल्याचे त्यांना आढळले. महत्त्वाची गोष्ट अशी की, हा दाब रोधक कोणत्या पदार्थाचा आहे यावर अवलंबून नव्हता. केवळ रोध किती आणि तापमान किती यांवर अवलंबून होता. हॅरी नायक्विस्ट यांनी या निरीक्षणाची उपपत्ती मांडली. दोघांचे निबंध १९२८ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा की, हे दोघेही शास्त्रज्ञ जन्माने स्वीडनचे होते.

सळसळ कोठून येते?

धातूच्या तारेत किंवा रोधकात असंख्य इलेक्ट्रॉन मोकळेपणी फिरत असतात. यात्रेतील गर्दीची कल्पना करावी. मैदान माणसांनी भरलेले आहे आणि प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे इकडेतिकडे जात आहे. मैदानाच्या मध्यावर एक दोर आडवा धरला आणि दर क्षणी किती माणसे उजवीकडे गेली व किती डावीकडे आली हे मोजले, तर दिवसाच्या अखेरीस दोन्ही आकडे जवळपास सारखे भरतील. परंतु एखाद्या विशिष्ट क्षणी ते तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. कधी चार माणसे उजवीकडे अधिक, तर कधी तीन डावीकडे अधिक. रोधकातील इलेक्ट्रॉनांचेही असेच घडते. सरासरी प्रवाह शून्य असतो, पण क्षणाक्षणाला तोल किंचित ढळत राहतो. हा ढळणारा तोल म्हणजेच औष्णिक गोंगाट होय.

नायक्विस्ट यांची युक्ती शिक्षकांनी आवर्जून समजून घेण्यासारखी आहे. एकाच तापमानाचे दोन सारखे रोधक तारांनी जोडले आहेत, असे समजावे. पहिल्यातील गोंगाट दुसऱ्याला थोडी ऊर्जा देतो आणि दुसऱ्यातील गोंगाट पहिल्याला देतो. ही देवाणघेवाण बरोबरीची नसती, तर एक रोधक आपोआप थंड होत गेला असता आणि दुसरा आपोआप तापत गेला असता. सारख्या तापमानाच्या दोन वस्तूंत असे कधीच घडत नाही. उष्णतेचा तो मूलभूत नियम आहे. म्हणून देवाणघेवाण बरोबरीचीच असली पाहिजे, आणि ती केवळ तापमानावरून ठरली पाहिजे. पदार्थ कोणता, त्याचा आकार कसा, या बाबींना तेथे थारा नाही. जॉन्सन यांनी प्रयोगात जे पाहिले, त्याचे कारण या विचाराने उलगडले.

चार गोष्टींचा गुणाकार

औष्णिक गोंगाटाचे सूत्र अतिशय सुटसुटीत आहे. गोंगाटाच्या दाबाचा सरासरी वर्ग हा पुढील चार राशींच्या गुणाकाराच्या चौपट असतो : बोल्ट्झमान स्थिरांक, निरपेक्ष तापमान, रोध आणि कंप्रता पट्ट्याची रुंदी. निरपेक्ष तापमान केल्व्हिनमध्ये मोजतात; २७ अंश सेल्सिअस म्हणजे सुमारे ३०० केल्व्हिन. कंप्रता पट्टा म्हणजे उपकरण ज्या किमान व कमाल कंप्रतांमधील संकेत स्वीकारते, तो पल्ला. बोल्ट्झमान स्थिरांक ही अतिशय लहान संख्या आहे : दशांश चिन्हानंतर बावीस शून्ये आणि त्यापुढे १३८. प्रत्येक अंश तापमानामागे एका कणाच्या वाट्याला येणारी ऊर्जा किती, हे ती ज्यूल या एककात सांगते.

एक उदाहरण घेऊ. एक हजार ओहमचा रोधक, तापमान ३०० केल्व्हिन आणि पट्ट्याची रुंदी दहा हजार आवर्तने असेल, तर गोंगाटाचा दाब सुमारे ०.४ मायक्रोव्होल्ट भरतो. मायक्रोव्होल्ट म्हणजे व्होल्टचा दशलक्षांश. रोध हजार पट वाढवून दहा लाख ओहम केला, तर गोंगाट हजार पट वाढत नाही. तो हजाराच्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे ३२ पट वाढून १३ मायक्रोव्होल्ट होतो. हे आकडे क्षुल्लक वाटतात. परंतु मोजावयाचा संकेतच काही मायक्रोव्होल्टचा असेल, तर तो या सळसळीत बुडून जातो.

या सूत्रातूनच अभियंत्याला उपायांच्या दिशा कळतात. रोध कमी ठेवावा, तापमान उतरवावे आणि संकेताला आवश्यक तेवढाच कंप्रता पट्टा ठेवून उरलेला छाटून टाकावा. स्थिरांक मात्र निसर्गाच्या हाती आहे. त्यात बदल करण्याची सोय नाही.

अप्सरेची पहिली चाहूल

४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिली अणुभट्टी ट्रॉम्बे येथे कार्यान्वित झाली. तिचे इंधन ब्रिटनकडून आले होते. परंतु तिची रचना आणि तिच्या नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे भारतीय शास्त्रज्ञ व अभियंत्यांनी तयार केली होती. या इलेक्ट्रॉनिकी गटाचे नेतृत्व ए. एस. राव यांच्याकडे होते.

अणुभट्टी सुरू करण्याचा काळ उपकरणांची खरी कसोटी पाहणारा असतो. बंद अवस्थेत गाभ्यात न्यूट्रॉन फार थोडे असतात. पूर्ण शक्तीवर ती पोहोचते तेव्हा त्यांची संख्या अब्जावधी पटींनी वाढलेली असते. हा सर्व पल्ला एका उपकरणाने मोजणे शक्य नसते. म्हणून आरंभीच्या टप्प्यात एकेक न्यूट्रॉन मोजणारी गणित्रे, मधल्या टप्प्यात व पूर्ण शक्तीच्या टप्प्यात आयनीभवन कोठ्यांतील प्रवाह मोजणारी उपकरणे, अशी व्यवस्था केलेली असते. यांपैकी आरंभीचा टप्पा सर्वांत नाजूक. गाभ्यातील साखळी प्रक्रिया किती वेगाने वाढत आहे, हे चालकाला पहिल्यापासून कळले पाहिजे. आंधळेपणाने नियंत्रण दांडे वर ओढणे कदापि चालणार नाही.

न्यूट्रॉनला विद्युत् भार नसल्यामुळे तो प्रत्यक्ष पकडता येत नाही. म्हणून बोरॉन या मूलद्रव्याचा आधार घेतात. न्यूट्रॉन बोरॉनच्या विशिष्ट अणुकेंद्रात शिरला की ते फुटते आणि बहुधा सुमारे २३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी गतिज ऊर्जा मोकळी होते. हा आकडा मोठा भासला, तरी त्यापासून वायूमध्ये काही दशसहस्र इलेक्ट्रॉनच सुटे होतात. १०० पिकोफॅरड धारितेवर ते गोळा झाले, तर निर्माण होणारा दाब व्होल्टच्या दहा हजाराव्या भागाइतका, म्हणजे सुमारे १०० मायक्रोव्होल्ट असतो. वायूत इलेक्ट्रॉनांची संख्या आणखी वाढविण्याची युक्ती गणित्रात केलेली असते, म्हणून प्रत्यक्षात काम थोडे सुकर होते. तरीही या छोट्याशा स्पंदाला गोंगाटातून वेगळे ओळखावे लागतेच.

उंबरठा किती उंच ठेवावा?

यासाठी उपकरणात एक विद्युत् उंबरठा ठेवलेला असतो. उंबरठ्याहून मोठे स्पंद मोजले जातात, लहान ते सोडून दिले जातात. हा उंबरठा किती उंच असावा, हा प्रश्न वरकरणी सोपा वाटतो. पण गोंगाट हा एकाच उंचीचा नसतो. तो बहुतेक वेळ लहान असतो, क्वचित मोठा आणि अगदी क्वचित फार मोठा होतो.

गोंगाटाची रेघ दर सेकंदास दहा लाख वेळा शून्याच्या वर जात आहे, असे धरू. उंबरठा गोंगाटाच्या सरासरी पातळीच्या तिप्पट ठेवला, तर गणिताने दर सेकंदास सुमारे अकरा हजार खोटे स्पंद मोजले जातील. पाचपट ठेवला तर सेकंदास तीन-चार. सहापट ठेवला तर मिनिटास साधारण एक. सातपट ठेवला तर बारा तासांत जेमतेम एक. उंबरठा दुपटीने वाढविल्याने खोटी मोजणी सेकंदाला अकरा हजारांवरून मिनिटाला एकावर येते, हे ध्यानात घेतले म्हणजे गोंगाट थोडासा जरी कमी करता आला तरी त्याचे मोल किती, हे समजते.

मग उंबरठा खूपच उंच का ठेवू नये? कारण खरे स्पंदही सर्व सारख्या उंचीचे नसतात. उंबरठा फार उंच झाला की खरे न्यूट्रॉनही निसटू लागतात. उंबरठा खाली आणला तर नसलेले न्यूट्रॉन दिसतात, वर नेला तर असलेले दिसेनासे होतात. सुरक्षिततेच्या दृष्टीने दोन्ही चुका महागाच्या. खोट्या इशाऱ्यांनी अणुभट्टी वारंवार थांबू लागली, तर कामाची हानी होते आणि इशाऱ्यांवरील विश्वास उडतो. खरा इशारा हुकला, तर त्याहून मोठे संकट ओढवते. म्हणून अणुभट्टीच्या संरक्षण व्यवस्थेत सामान्यतः एकाच राशीसाठी तीन स्वतंत्र उपकरणे ठेवतात आणि तिघांपैकी किमान दोघांनी एकाच वेळी धोका दाखविला, तरच भट्टी आपोआप बंद होते. प्रत्येक उपकरणातील गोंगाट स्वतंत्र असल्यामुळे दोन उपकरणांनी एकाच क्षणी सारखीच चूक करण्याचा संभव फार कमी असतो. पंचांच्या निवाड्यामागील जे शहाणपण, तेच येथे विद्युत् मंडलात उतरले आहे.

थंडीचा उपयोग व मर्यादा

गोंगाट उष्णतेचा, तर उपाय थंडीचा, हे ओघानेच आले. किरणोत्सर्गी पदार्थांतून येणारे गॅमा किरण अचूक ओळखण्यासाठी जर्मेनियम या अर्धसंवाहकाचे संवेदक वापरतात. ते द्रवरूप नायट्रोजनच्या साहाय्याने अतिशय थंड ठेवावे लागतात. द्रवरूप नायट्रोजनचे तापमान ७७ केल्व्हिन, म्हणजे शून्याखाली १९६ अंश सेल्सिअस असते.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. एखादा साधा रोधक ३०० केल्व्हिनवरून ७७ केल्व्हिनपर्यंत थंड केला, तर त्याच्या गोंगाटाचा दाब केवळ निम्म्यावर येतो. कारण दाब तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. द्रवरूप हेलियमच्या ४ केल्व्हिनपर्यंत नेला, तरीही तो सुमारे नवव्या हिश्श्यावरच येतो. जर्मेनियमच्या बाबतीत थंडीचा मुख्य लाभ वेगळा आहे. सामान्य तापमानाला उष्णतेमुळे त्यात एवढे इलेक्ट्रॉन सुटे होतात की, किरणांनी सुटे केलेले इलेक्ट्रॉन त्यांत ओळखूच येत नाहीत. हे सुटे होणे थंडीत अतिशय झपाट्याने घटते. म्हणजे उपाय एकच असला, तरी निरनिराळ्या रोगांवर त्याचा गुण निरनिराळ्या प्रमाणात येतो.

कल्याण ते खोडद

गोंगाटाशी झुंज देण्याचा आणखी एक अध्याय महाराष्ट्रातच लिहिला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या डॉ. गोविंद स्वरूप व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली कल्याणजवळ बत्तीस लहान थाळ्यांची रेडिओ दुर्बीण उभारून सूर्याचे निरीक्षण केले. पुढे पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळील खोडद येथे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण आकारास आली. मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असणे हा ही जागा निवडण्यामागील एक महत्त्वाचा विचार होता.

दूरच्या आकाशगंगांतून येणारा संकेत ग्राहकाच्या अंगभूत गोंगाटापेक्षाही कितीतरी क्षीण असतो. तरीही तो सापडतो, याचे रहस्य पुढीलप्रमाणे आहे. प्रत्येक अँटेनाचा औष्णिक गोंगाट स्वतंत्र असतो, पण आकाशातून येणारा संकेत सर्वांना समान असतो. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील दोन नोंदी एकमेकींशी ताडून दीर्घकाळ सरासरी घेतली, की स्वतंत्र गोंगाट परस्परांना छेद देत विरत जातो आणि समान संकेत शिल्लक राहतो. ट्रॉम्बेच्या अभियंत्यांचे साहाय्य या प्रकारच्या कार्यालाही लाभले आहे. २००८ साली चांद्रयान-१ शी संपर्क साधण्यासाठी बंगळूरजवळील ब्यालालू येथे जी ३२ मीटर व्यासाची अँटेना उभारण्यात आली, तिच्या निर्मितीत भाभा अणुसंशोधन केंद्राचा वाटा होता. हैदराबादच्या ज्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने तीत प्रमुख काम केले, ती संस्थाही ट्रॉम्बेतील इलेक्ट्रॉनिकी कार्यातूनच १९६७ साली जन्मास आली आहे.

गोंगाटाचाच तापमापक

ज्या गोंगाटाचा उपद्रव होतो, त्याचाच उपयोगही करून घेता येतो. रोध ठाऊक असेल आणि गोंगाट मोजला, तर सूत्रावरून तापमान काढता येते. अशा तापमापकाचे वैशिष्ट्य असे की, तीव्र किरणोत्सारामुळे रोधकाचा पदार्थ कालांतराने बदलला, तरी गोंगाटाचा नियम बदलत नाही. त्या वेळचा रोध मोजला की पुरे. म्हणूनच अणुभट्टीतील तापमान मोजण्याच्या दृष्टीने जगभर या पद्धतीचा अभ्यास झाला आहे. २० मे २०१९ पासून केल्व्हिन या एककाची व्याख्या बोल्ट्झमान स्थिरांकाचे मूल्य कायमचे निश्चित करून करण्यात येते. ते मूल्य ठरविण्यासाठी ज्या पद्धतींचा आधार घेतला गेला, त्यांत गोंगाटाच्या मोजमापाचाही समावेश होता.

गावातील उपकरणे

हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात हृदयाचा विद्युत् आलेख काढण्याचे यंत्र असते. हृदयाचा संकेत त्वचेवर सुमारे एक मिलिव्होल्ट असतो. त्वचेशी जोडणी सदोष राहून एक लाख ओहम रोध मध्ये आला, असे धरले, तरी शंभर आवर्तनांच्या पट्ट्यात औष्णिक गोंगाट ०.४ मायक्रोव्होल्टच भरतो. म्हणजे संकेत गोंगाटाच्या दोन हजारांहून अधिक पट मोठा असतो. तेव्हा आलेखावरील रेघ थरथरत असेल, तर दोष औष्णिक गोंगाटाकडे जात नाही. बहुधा तो वीजपुरवठ्याच्या घरघरीकडे, सैल जोडणीकडे, रुग्णाच्या स्नायूंच्या हालचालीकडे, किंवा इमारतीच्या सदोष अर्थिंगकडे जातो.

आरोग्य केंद्र, शाळा, पंचायत कार्यालय या इमारतींच्या देखभालीची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, त्यांच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला आहे काय, जोडणीची तार गंजली आहे काय, उपकरणाच्या शेजारून मोटारीची तार गेली आहे काय, हे तपासण्यास फारसा खर्च येत नाही. यंत्र निकामी ठरवून नवे मागविण्यापूर्वी ही तपासणी केली, तर पैसा वाचेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अस्पष्ट आलेखावरून रुग्णाच्या प्रकृतीविषयी चुकीचा निष्कर्ष निघण्याचा धोका टळेल. अर्थिंगचा संबंध विजेच्या धक्क्यापासून होणाऱ्या संरक्षणाशीही असल्याने या कामी हयगय मुळीच होता कामा नये.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

औष्णिक गोंगाट मोजण्याची उपकरणे शाळेत नसली, तरी त्यामागील तत्त्व एका नाण्याच्या साहाय्याने शिकविता येते. वर्गातील चाळीस विद्यार्थ्यांपैकी प्रत्येकाने नाणे दहा वेळा उडवावे आणि छाप किती वेळा आला ते लिहावे. कोणाचे तीन भरतील, कोणाचे सात, क्वचित कोणाचे नऊही. पाचापासून दीड-दोनने ढळणे ही अगदी सामान्य गोष्ट असल्याचे दिसेल. मग सर्वांची बेरीज करावी. चारशे नाणेफेकींत छापांची संख्या दोनशेच्या आसपास येईल आणि बहुधा दहा-वीसच्या पलीकडे ढळणार नाही. दहा फेकींत प्रमाण शेकडा सोळाने सहज ढळते, तर चारशे फेकींत शेकडा अडीचने. मोजणी चाळीस पट केल्यावर अनिश्चितता चाळीसच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे सहा पटींहून थोडी अधिक घटली.

याच प्रयोगाचा दुसरा भागही घ्यावा. खोटे नाणे, म्हणजे ज्याचा छाप शेकडा ५५ वेळा येतो असे नाणे, दहा फेकींत ओळखता येईल काय, असे विद्यार्थ्यांना विचारावे. दहांत ते ओळखता येणार नाही; चारशेंत त्याचा दाट संशय येईल; काही हजारांत खात्री पटेल. क्षीण संकेत गोंगाटातून बाहेर काढण्यास वेळ का लागतो, हे त्यावरून मुलांच्या मनावर ठसेल.

विहिरीची पाणीपातळी असो, पावसाची नोंद असो, की पिकाच्या उताऱ्याची कापणी-चाचणी असो, प्रत्येक मोजमापाला असा काही ना काही गोंगाट चिकटलेला असतो. एका विहिरीच्या एका दिवसाच्या नोंदीवरून गावाच्या पाण्याविषयी निर्णय घेणे म्हणजे दहा नाणेफेकींवरून नाणे खोटे ठरविण्यासारखे आहे. नोंदी नियमित घ्याव्यात, अनेक ठिकाणी घ्याव्यात, एकमेकींशी ताडून पाहाव्यात आणि टाळता येण्याजोगे दोष आधी दूर करावेत, हाच त्यावरील मार्ग होय. ट्रॉम्बेच्या नियंत्रण कक्षात तीन उपकरणांची साक्ष घेतली जाते आणि खोडदच्या माळावर तीस अँटेनांची. गावाच्या नोंदवहीलाही हाच नियम लागू पडतो.